जुन्या इंग्लिश टेरेस घरात दर हिवाळ्यात परत येणारी ओल: पुन्हा रंग लावण्याआधी काय तपासायचं

लंडन, ब्रायटन, बाथ, चेल्टनम, ब्रिस्टलचं क्लिफ्टन अशा ठिकाणी जुन्या टेरेसमध्ये, म्हणजे सामाईक भिंतींनी एका रांगेत जोडलेल्या घरांमध्ये, राहणाऱ्या मराठी मंडळींची तक्रार ठरलेली आहे. ऑक्टोबरात भिंतीवर डाग उमटतो, डिसेंबरपर्यंत रंगाचे पोपडे सुटतात, जानेवारीत कपाटामागे काळी बुरशी धरते. वसंतात रंगारी येतो, डाग झाकणारा प्रायमर मारतो, वर रंगाचे दोन हात देतो. घर पुन्हा देखणं दिसायला लागतं. पुढच्या ऑक्टोबरात डाग हजर, त्याच जागी किंवा वीतभर बाजूला. काहींनी मधल्या काळात बरेच पौंड मोजून भिंतीत रसायनही टोचून घेतलेलं असतं आणि पंचवीस-तीस वर्षांचं हमीपत्र फाइलला लावलेलं असतं.

खालची माहिती साधारण १८०० ते १८४० या काळातल्या घरांसाठी आहे. तुमचं घर त्यातलं आहे का, हे समोरच्या फुटपाथवर उभं राहून कळतं. दर्शनी भिंत सपाट, छप्पर खालून दिसत नाही, पहिल्या मजल्याच्या खिडक्या सगळ्यात उंच आणि वर जावं तशा लहान होत गेलेल्या, तळमजल्याला बऱ्याचदा पांढरा स्टको, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत गिलावा, आणि वर पिवळसर विटा, फुटपाथ आणि घर यांच्यामध्ये लोखंडी कुंपण घातलेला खड्डा, दारावर पंख्याच्या आकाराची काच. पुढे आलेल्या बे-विंडो आणि लाल विटा असतील तर घर बहुधा नंतरच्या, व्हिक्टोरियन काळातलं. १९३० नंतरची घरं असतील तर भिंतच वेगळी, दोन पदरांची, मध्ये पोकळी असलेली. तिथे यातलं बरंचसं लागू होणार नाही.

या घरांतली ओल परत येते, कारण औषध डागाला दिलं जातं आणि पाण्याची वाट तशीच राहते. ती वाट ठरवतात घराच्या रचनेतल्या त्याच गोष्टी, ज्यांचं एस्टेट एजंट जाहिरातीत कौतुक करतो: लपवलेलं छप्पर, स्टको, बाल्कनी, तळघर, फायरप्लेस. म्हणून तपास खोलीतून सुरू करू नका. छपरापासून करा.

आधी भिंत समजून घ्या

या भिंती भरीव आहेत. वीट आणि चुना, बस. आत पोकळी नाही, आणि जमिनीतून चढणारं पाणी अडवणारा थर तर नाहीच. तो थर इंग्लंडमध्ये रूढ झाला १८७० नंतर. लंडनच्या १७७४ च्या बांधकाम कायद्याने घरांच्या चार प्रती ठरवल्या होत्या आणि प्रतीनुसार भिंतींची जाडी. पण बहुतेक घरांत वरच्या मजल्याची भिंत एका विटेची, म्हणजे जेमतेम नऊ इंच.

अशी भिंत पाऊस पिते आणि वारा-ऊन मिळालं की सोडून देते. चुन्याच्या दरजा विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असल्यामुळे ओलावा मुख्यतः तिथून बाहेर पडतो. हे चक्र चालू आहे तोवर आतल्या खोलीपर्यंत काही पोचत नाही. मग विसाव्या शतकात कोणीतरी दरजा खरवडून त्यांत सिमेंट भरलं, आतून जिप्समचा गुलाबी गिलावा केला, वर धुता येणारा प्लॅस्टिक रंग दिला. पाणी शिरायच्या वाटा तशाच राहिल्या, कारण सिमेंटच्या कडेला केसाएवढ्या भेगा पडतातच. बाहेर पडायच्या वाटा मात्र बुजल्या. पुण्यातल्या जुन्या वाड्याच्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारल्यावर दोन-चार पावसाळ्यांत तिला कसा लोणा लागतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना लंडनची भिंत वेगळी समजावून सांगायला नको.

आणखी एक गोष्ट, जी सर्वेक्षणाच्या अहवालात क्वचितच स्पष्ट लिहिलेली असते. ही घरं बहुतेक सट्ट्याच्या बांधकामातली. बिल्डर जमीन लीजवर घ्यायचा, झटपट सांगाडा उभा करायचा आणि विकून मोकळा व्हायचा. १७८४ पासून १८५० पर्यंत विटेवर कर होता. मग चांगली, महाग वीट फक्त दर्शनी पदराला आणि आत स्वस्तातली, कच्ची भाजलेली. बाहेरून पाहताना एक वीट लांबीने, एक तोंडाने अशी सुंदर वीण दिसते. तोंडाने दिसणारी वीट खरं तर भिंतीत आरपार जाऊन दोन्ही पदर बांधून ठेवणारी असायला हवी, पण पैसे वाचवायला तिचे दोन तुकडे करून वापरले जायचे. म्हणजे पुढचा पदर मागच्याला जेमतेम चिकटलेला. शिवाय भिंतीत आडवी लाकडं चिणलेली असतात. वर्षानुवर्षं ओल राहिली की ती कुजतात आणि पुढचा पदर फुगायला लागतो. दर्शनी भिंतीला पोट आलेलं दिसलं, तर हा लेख बाजूला ठेवा आणि जुन्या इमारतींची माहिती असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

वरच्या मजल्यावर, छताजवळ डाग

निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ मला इथेच सापडतं असं वाटतं, आणि इथे बघायला कोणी जात नाही. कारण छप्पर दिसतच नाही.

ते दिसत नाही यामागे कायदा आहे. १६६६ च्या आगीची धास्ती लंडनने पिढ्यान् पिढ्या बाळगली. १७०७ च्या कायद्याने लाकडी वळचणी बंद झाल्या आणि दर्शनी भिंत छपराच्या वर कठड्यासारखी नेण्याची रीत पडली. दोन घरांमधल्या सामाईक भिंतीही छपराच्या वर काढायच्या होत्या. पुढे ही फॅशनच झाली. मग प्रश्न आला की पुढून आणि दोन्ही बाजूंनी भिंती वर आल्या तर पाणी जाणार कुठे? उत्तर होतं बटरफ्लाय छप्पर. दोन उतार बाहेर न झुकता आत झुकतात, मधोमध व्ही आकाराची पन्हळ, ती घराच्या पुढून मागे धावते आणि मागच्या भिंतीतल्या भोकातून पाणी एका पेटीत, तिथून नळात सोडते. मागच्या गल्लीतून पाहिलंत तर हा व्ही आकार स्पष्ट दिसतो.

म्हणजे आख्ख्या छपराचं पाणी घराच्या बरोबर मधोमध, निजायच्या खोलीच्या डोक्यावरून वाहतं. भोक एकच. त्यात कबुतराचं घरटं, लंडन प्लेन झाडाची पानं किंवा स्लेटचा तुकडा अडकला की पन्हळीत तळं होतं. पाणी शिशाच्या पत्र्याच्या कडेवरून आत उतरतं, लाकडावरून सरकत जातं आणि गळतीच्या जागेपासून दोन-तीन मीटर लांब छतावर उमटतं. डागाच्या बरोबर वर काही सापडलं नाही म्हणून ‘छप्पर ठीक आहे’ असं सांगणारे छपरेवाले भरपूर आहेत.

पन्हळीत काय बघायचं: शिशाचा पत्रा सलग किती लांब आहे. शिसं उन्हात फुगतं, थंडीत आखडतं. तीन मीटरचा तुकडा हिवाळ्यातल्या पहाटेपासून उन्हाळ्यातल्या दुपारपर्यंत चारेक मिलिमीटर लांबतो. त्याला हलायला जागा नसेल तर मध्येच सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीवर भेग. जुने कारागीर म्हणूनच पन्हळीला पायऱ्या देत आणि प्रत्येक पायरीवर नवा तुकडा सुरू करत. नंतरच्या दुरुस्तीत कोणी पायऱ्या काढून एकच लांब पत्रा अंथरला असेल, तर तो फुटणारच. भेगेवर डांबर फासलेलं किंवा चिकट पट्टी लावलेली दिसली की समजा, मागच्या मालकालाही हाच डाग छळत होता. पट्टी एखाद-दुसरा हिवाळा काढते. त्यापलीकडे तिच्यावर भरवसा नको.

काही घरांत छप्पर एम आकाराचं असतं. पुढच्या उताराचं पाणी कठड्यामागच्या पन्हळीत जमतं आणि तिथून शिसं लावलेल्या एका लाकडी नालीतून, चक्क पोटमाळ्याच्या आतून, मागे नेलेलं असतं. पोटमाळ्यात मागच्या बाजूला जाणारी लांबट पेटी दिसली तर ती अडगळ समजून तिच्यावर बॅगा रचू नका. ती वाहती नाली आहे, आणि फुटली तर पाणी थेट घरात.

कठडा स्वतःही गुन्हेगार असतो. तो पुढून-मागून पाऊस खातो, वर फक्त दगडी झाकण. झाकणांच्या सांध्यातला चुना गेला की पाणी भिंतीच्या गाभ्यात उतरतं आणि वरच्या मजल्याच्या पुढच्या कोपऱ्यात, छतापासून हातभर खाली, ओला पट्टा उमटतो. कठड्याच्या मागच्या बाजूला सिमेंट फासलेलं असेल तर हमखास.

वर चढता येत नसेल तर ड्रोनवाल्याकडून फोटो काढून घ्या किंवा मागच्या उंच घरातल्या शेजाऱ्याला खिडकीतून फोटो मागा. पन्हळ वर्षातून दोनदा साफ करायची: पानगळ संपल्यावर आणि पुन्हा वसंतात.

पडणाऱ्या नळामागचा उभा पट्टा

डाग उभा, अरुंद आणि दोन-दोन मजले खाली गेलेला असेल तर बाहेरचा ओतीव लोखंडी नळ बघा. समोरून तो धडधाकट दिसतो, नुकता काळा रंग मारलेला. गंजतो तो भिंतीकडच्या बाजूने, जिथे ब्रश पोचत नाही. फोनचा कॅमेरा नळ आणि भिंत यांच्या फटीत घाला आणि फ्लॅश लावून फोटो काढा. तपकिरी उभी भेग किंवा भिंतीवर हिरवं शेवाळ दिसलं की तपास संपला. नवा नळ बसवताना तो भिंतीपासून थोडा सुटा ठेवायला सांगा, म्हणजे पुढच्या वेळी मागूनही रंग देता येईल.

स्टको: पांढऱ्या चेहऱ्यामागे

वास्तुविशारद जॉन नॅशने लंडनच्या रीजंट्स पार्कभोवती महालासारख्या टेरेस उभ्या केल्या त्या विटांच्या, वर स्टकोचं पांघरूण घालून. त्यावर रेघा ओढून दगडी बांधकामाचा आभास. ब्रायटनचं केम्प टाउन, होव्हचं ब्रन्सविक, चेल्टनमच्या रांगा, सगळीकडे हेच. सुरुवातीचा स्टको चुन्याचा किंवा जेम्स पार्करने १७९६ मध्ये पेटंट घेतलेल्या रोमन सिमेंटचा. जोसेफ ॲस्पडिनचं पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, पण आज ज्याला आपण सिमेंट म्हणतो ते कडक प्रकरण त्यानंतर बऱ्याच काळाने आलं. म्हणून दुरुस्तीच्या ठिगळांत आजचं सिमेंट असेल तर ते मूळ स्टकोशी आणि विटेशी जुळत नाही. ऊन-थंडीत दोघांचं फुगणं-आखडणं वेगळं, सांध्याला भेग, भेगेतून पाणी आत आणि वरच्या रंगामुळे आतच कोंडलेलं.

तपासायला साधी युक्ती आहे. बोटांच्या पेरांनी किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने स्टकोवर टकटक करत जा. घट्ट जागी आवाज बसका, सुटलेल्या जागी पोकळ, मडक्यासारखा. पोकळ भागाच्या कडा खडूने आखा. आतल्या डागाचा नकाशा आणि बाहेरचा खडूचा नकाशा जुळला तर फार शोधायला नको. विशेष लक्ष द्यायचं ते पुढे आलेल्या नक्षीदार पट्ट्यांवर. त्यांच्या माथ्यावर शिशाची झालर असावी लागते. नसेल तर प्रत्येक पट्टी म्हणजे पाणी साठवणारी फळी.

रंगाचाही प्रश्न आहे. या दर्शनी भागांवर पिढ्यान् पिढ्या तेलरंगाचे थर चढलेले असतात. काही ठिकाणी रंगवणं बंधनकारकच आहे. होव्हच्या ब्रन्सविक स्क्वेअर परिसरात १९७६ च्या स्थानिक कायद्यानुसार ठरावीक क्रीम रंग दर पाच वर्षांनी द्यावा लागतो. अशा ठिकाणी रंग बदलता येत नाही, पण रंगाखालचे फुगे आणि भेगा दुरुस्त न करता वरून हात मारून न्यायचा की नाही, हे आपल्या हातात असतं. मचाण एकदाच बांधलं जातं. त्याच वेळी कठडा, पन्हळ, झालरी सगळं पाहून घ्या. मचाणाचं भाडं कामापेक्षा जड जातं.

बाथमध्ये गोष्ट निराळी. तिथे दर्शनी भाग बाथ स्टोनचा, मागे डबर आणि चुना. त्या दगडावर ‘वॉटरप्रूफ’ म्हणून सिलिकॉनचा फवारा मारायची टूम निघते. ती टाळा. दगड आतून सोडत असलेलं पाणी फवाऱ्यामागे अडतं आणि हिवाळ्यात गोठून दगडाचा पापुद्रा काढतं.

ब्रायटनकरांसाठी खास सूचना. तुमच्या स्टकोमागे वीट असेलच असं नाही. तिथे बंगरूश नावाचा प्रकार सर्रास आहे: विटांचे तुकडे, गारगोट्या, समुद्रावरचे गोटे, वाळू, जे हाताला लागलं ते चुन्यात कालवून फळ्यांच्या साच्यात ओतलेलं. गावात जुना विनोद आहे की नेम धरून होजपाइप मारला तर अर्धं ब्रायटन पाडता येईल. विनोदात तथ्य आहे. फार भिजलं तर चुना धुऊन जातो, फार सुकवलं तर भिंत भुसभुशीत होते. यात ड्रिलने भोकं पाडून रसायन भरणं म्हणजे पैसे गोट्यांमधल्या पोकळीत ओतणं. रसायनाचा सलग थर तिथे बनूच शकत नाही.

खिडकी आणि बाल्कनी

खिडकीच्या खाली डाग असेल तर बाहेरच्या उंबऱ्याखाली बोट फिरवा. पुढच्या काठाशी एक लांब खाच लागायला हवी. पाण्याचा थेंब तिथे येऊन खाली पडावा, भिंतीकडे सरकू नये, यासाठी ती असते. बहुतेक घरांत ती रंगाच्या थरांनी बुजलेली असते. ती खरवडून मोकळी करणं ही या पूर्ण यादीतली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती, अर्ध्या तासाचं काम. सॅश खिडकीची, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या काचांच्या खिडकीची, लाकडी पेटी १७७४ च्या कायद्यामुळे विटेच्या पदरामागे लपवलेली असते. ती आगीपासून आणि पावसापासून बरीच सुरक्षित, पण तळाचं लाकूड कुजलेलं असू शकतं. चाकूचं टोक रुतलं तर सुतार बोलवा.

पहिल्या मजल्यावरच्या लोखंडी बाल्कनीचा उतार बाहेरच्या दिशेने हवा. दोन शतकांत ती थोडी वाकलेली असते, पाणी भिंतीकडे येतं. शिवाय भिंतीत रुतलेलं लोखंड गंजताना फुगतं आणि आजूबाजूचा दगड फोडतं. असं काही दिसलं तर तिथे कुंड्या ठेवू नका आणि पार्टीला माणसंही उभी करू नका.

फायरप्लेसच्या भिंतीवरचा तपकिरी डाग

हा डाग रंगाखालून पुन्हा पुन्हा वर येतो आणि पावसाशी त्याचा संबंध लागत नाही. कोंदट दिवशी गडद, कोरड्या थंडीत फिका. दीडशे वर्षं कोळसा जळला, काजळीतले क्षार विटांत मुरले. हे क्षार हवेतला ओलावा स्वतःच ओढून घेतात. वर धुराडं तसंच उघडं असेल तर पाऊस काजळी भिजवत खाली येतो. खाली फायरप्लेस बंद करून विटा लावल्या असतील आणि हवा खेळायला जाळी ठेवली नसेल, तर ओलावा आतच घुटमळतो.

धुराड्याला पाऊस अडवणारी पण हवा सोडणारी टोपी, खाली जाळी, धुराडं एकदा नीट झाडून घेणं, आणि मग क्षार मुरलेला गिलावा काढून चुन्याचा नवा. या क्रमाने करा. नुसता गिलावा बदललात तर क्षार नव्या गिलाव्यातही चढतील.

तळमजला आणि तळघर: इथे सगळ्यात जास्त पैसे बुडतात

या टेरेस बांधताना तळघरासाठी खणलेली माती पुढच्या रस्त्यावर टाकून रस्ता उंच केला जायचा. म्हणून पुढून जे तळघर वाटतं ते मागच्या अंगणाच्या पातळीला येतं. पुढे खड्डावजा मोकळी जागा, तिच्यापलीकडे फुटपाथच्या खाली कोळशाच्या कमानी. या मोकळ्या जागेचं काम दुहेरी: स्वयंपाकघराला उजेड आणि रस्त्याच्या ओल्या मातीपासून भिंत सुटी. ती कोणी भरून काढली, तिच्यावर लाकडी डेक टाकला किंवा तिथली मोरी पानांनी तुंबली, की घराची पुढची भिंत पुन्हा मातीला लागल्यासारखी होते. कोळशाच्या कमानी मात्र ओल्या असणारच. त्या घराच्या बाहेर आहेत. तिथे जिम करायची स्वप्नं एजंटवर सोडा.

आता ‘रायझिंग डॅम्प’बद्दल. जमिनीतून पाणी भिंतीत चढतं, हे खरं आहे. पण ते साधारण मीटर-दीड मीटरपर्यंत, आणि वरच्या कडेला क्षारांची पांढरी, लाटेसारखी रेघ सोडून. डाग खांद्याच्या वर असेल तर तो जमिनीतून आलेला नाही. खाली असेल तरी आधी बाहेरची जमीन मोजा. मागच्या अंगणात कोणी फरशीवर फरशी टाकत गेलं असेल तर बाहेरची पातळी आतल्या लाकडी फरशीच्या वर गेलेली असते आणि फरशीखाली हवा नेणाऱ्या जाळ्या गाडल्या गेलेल्या असतात. तिथली जमीन आतल्या फरशीच्या किमान १५० मिलिमीटर खाली आणणं, भिंतीलगत खडीची पट्टी ठेवणं आणि जाळ्या मोकळ्या करणं, एवढ्यावर पुष्कळ घरं सुकतात. खणताना पायाच्या खाली जाऊ नका. या घरांचा पाया म्हणजे विटांच्या दोन-चार रुंद होत गेलेल्या थरांपलीकडे फारसं काही नसतं.

मोफत तपासणीला येणारा माणूस दोन सुया असलेलं यंत्र भिंतीला लावतो, ते किंचाळतं, तो मान हलवतो. हे यंत्र विद्युतरोध मोजतं आणि त्याचे आकडे लाकडासाठी बेतलेले असतात. गिलाव्यात क्षार असले तर कोरड्या भिंतीवरही ते लाल दिवा दाखवतं. भिंतीत खरंच किती पाणी आहे ते कळायला विटेचा भुगा ड्रिलने काढून कार्बाइडच्या बाटलीत घालतात आणि तयार झालेल्या वायूचा दाब मोजतात. ‘ही चाचणी केलीत का?’ एवढा प्रश्न विचारा. उत्तरावरून माणूस कळतो. औषध विकणाऱ्याकडूनच निदान करून घेण्यात काय धोका आहे, हे वेगळं सांगायला नको.

मग रसायन टोचल्यावर काही वर्षं फरक पडल्यासारखा का वाटतो? कारण त्या कामात खालचा मीटरभर जुना गिलावा काढून पाणी अडवणारा सिमेंटचा गिलावा लावतात. ओल त्याच्यामागे झाकली जाते. मग ती वर सरकते आणि नव्या गिलाव्याच्या काठावर, नाहीतर शेजारच्या लाकडी पट्टीत, डोकं काढते. तळघरात दगडी फरशी उखडून प्लॅस्टिक आणि काँक्रीट टाकलं असेल तर जमिनीतला ओलावाही बाजूच्या भिंतींकडे वळतो.

आपल्या स्वयंपाकाचा वाटा

हिवाळ्यात खिडक्या बंद, कुकरच्या शिट्ट्या, बाथरूमची वाफ, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे. नऊ इंची भिंतीचा आतला पृष्ठभाग थंड असतो आणि कपाटामागे हवा हलत नाही. मग बुरशी कोपऱ्यात आणि कपाटामागेच का येते, हे उघड आहे. क्षारांच्या ओलीवर काळी बुरशी सहसा धरत नाही, वाफेच्या ओलीवर धरते, ही ढोबळ पण उपयोगी खूण.

खात्री करायची असेल तर भिंतीवर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल हातभर लावा, चारही कडा टेपने बंद करा, दोन दिवस थांबा. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर वाफ, भिंतीकडच्या बाजूला असेल तर भिंत. सॅश खिडकीची वरची काच दोन बोटं खाली आणि खालची दोन बोटं वर ठेवली की गरम दमट हवा वरून जाते, ताजी खालून येते. ही खिडकी त्यासाठीच तशी आहे. बहुतेक घरांत वरची काच रंगाने चिकटलेली असते, ती आधी सोडवून घ्या. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

दुरुस्तीचा क्रम

शरद ऋतूत डाग दिसला तर लगेच करण्यासारखं एवढंच: पन्हळ, नळ, मोऱ्या साफ करणं, डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढून तारीख घालणं आणि फोटो. गळतीची जागा कळत नसेल तर कोरड्या दिवशी होजपाइप घ्या. खालपासून सुरुवात करा, एका वेळी एकच भाग पंधरा-वीस मिनिटं भिजवा, आत एक माणूस उभा ठेवा. आधीच कठड्यावर पाणी सोडलंत तर ते सगळ्यावरून ओघळेल आणि काहीच कळणार नाही.

चुन्याचं काम थंडीत करू नये. पाच अंशांच्या खाली पारा गेला की तो नीट धरत नाही. एप्रिल ते सप्टेंबर हा हंगाम धरा. आणि पाण्याची वाट बंद केल्यावर लगेच गिलावा करू नका. जाड भिंत सुकायला ढोबळ हिशोबाने इंचाला महिना लागतो, म्हणजे नऊ इंची भिंतीला जवळजवळ नऊ महिने. प्लॅस्टिक रंग आणि सुटलेला गिलावा काढून भिंत उघडी ठेवा. ते दिसायला वाईट दिसतं, पाहुण्यांना सांगावं लागतं, पण इलाज नाही. नंतर चुन्याचा गिलावा आणि श्वास घेणारा रंग.

परवानगीचंही बघा. १७०० ते १८५० मधली, मूळ रूप बऱ्यापैकी टिकवलेली बहुतेक घरं लिस्टेड, म्हणजे संरक्षित इमारतींच्या यादीत, आहेत. त्यात आतला भागही येतो. जुना गिलावा काढणं, स्टको बदलणं, खिडक्या बदलणं यासाठी काउन्सिलची संमती लागू शकते, आणि संमतीशिवाय केलेलं काम १९९० च्या कायद्याने गुन्हा ठरतं. काउन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन अधिकाऱ्याला आधी ईमेल करा. चुन्याच्या दुरुस्तीला ही मंडळी सहसा आडकाठी करत नाहीत, सिमेंटला करतात. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये सुरू केलेली, जुन्या इमारती जपणारी संस्था, स्पॅब, फोनवर मोफत तांत्रिक सल्ला देते. भिंतीत रसायन टोचणाऱ्याला बोलावण्याआधी तो फोन करा.

आता पैसे कोणाचे. भाड्याने राहत असाल तर इमारतीचा सांगाडा, बाहेरचा भाग, पन्हळी आणि नळ दुरुस्त ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी, १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम ११ प्रमाणे. ‘तुम्ही खिडक्या उघडत नाही’ हे उत्तर आलं तर फॉइलचा फोटो आणि नळामागचा फोटो तारखेसकट लेखी पाठवा. लीजवर फ्लॅट घेतला असेल तर छप्पर बहुधा फ्रीहोल्डरच्या, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाच्या, अखत्यारीत आणि खर्च सगळ्या फ्लॅटमध्ये वाटलेला. लीज काढून छप्पर, पन्हळ, बाल्कनी आणि तळघरापुढची मोकळी जागा यांचा उल्लेख कुठे आणि कसा आहे ते वाचा. काही लीजमध्ये बाल्कनी फ्लॅटची आणि तिच्याखालची भिंत फ्रीहोल्डरची असते, आणि नेमकं तिथूनच पाणी येत असतं. सामाईक भिंतीला हात लावायचा असेल तर १९९६ च्या पार्टी वॉल ॲक्टखाली शेजाऱ्याला आधी नोटीस द्यावी लागते. बटरफ्लाय छपराच्या कडा त्याच भिंतीवर टेकलेल्या असतात, त्यामुळे पन्हळीचं काम काढताना शेजाऱ्याशी बोलून घ्या. त्याच्याही वरच्या खोलीत तसाच डाग असतो, आणि मचाण अर्ध्या-अर्ध्या खर्चात होतं.